अर्धे रिकामे सर्व्हर

"अहो, निम्मं तर रिकामंच आहे की!"

हे वाक्य मी इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलंय की आता समोरच्याचा चेहरा बघूनच ते कधी येणार याचा अंदाज येतो. भिंतीवर प्रोजेक्टरचा आलेख असतो. त्यात सर्व्हरची मेमरी ६० टक्के आणि प्रोसेसर ३५ टक्के वापरात दिसत असतो. टेबलाच्या टोकाला बसलेले साहेब घरची पाण्याची टाकी कायम काठोकाठ भरून ठेवतात, गाडीत स्टेपनी नसेल तर महाबळेश्वरला निघत नाहीत. पण हा आलेख बघून तेच अस्वस्थ होतात. एवढे पैसे ओतले आणि निम्मं रिकामं? मग नवा सर्व्हर कशाला मागताय?

मला आज या वाक्याशी भांडायचं आहे. एका साहेबांशी नाही, वाक्याशी. कारण या वाक्यामुळे बँकांचे काउंटर बंद पडलेले मी पाहिलेत, आणि बंद पडल्यावर ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना कुणी काही विचारत नाही हेही पाहिलंय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. (ज्यांचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) पूर्वी एक काम म्हणजे एक सर्व्हर असायचा. आता तसं नसतं. एका दणकट मशीनवर हायपरव्हायजर नावाचा एक थर बसवतात. तो त्या एका मशीनची अनेक मशीन असल्याचं सोंग वठवतो. त्या प्रत्येक सोंगाला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, वाटत असतं की सगळं घर आपलंच. तुमच्या बँकेचं खातं, हॉस्पिटलचे रिपोर्ट, ऑफिसातली हजेरी हे सगळं बहुतेक वेळा अशाच एखाद्या व्हीएमवर चालतं. खालच्या खऱ्याखुऱ्या लोखंडी मशीनला होस्ट म्हणतात. असे तीन-चार किंवा तीस-चाळीस होस्ट एकत्र बांधून, त्यांना सामायिक स्टोरेज जोडून जे तयार होतं ते क्लस्टर. एखादा होस्ट मेला की त्याच्यावरची व्हीएम उरलेल्या होस्टांवर आपोआप पुन्हा सुरू होतात. या सगळ्या कारभारातली खरी जादू हीच.

कल्पना काही नवी नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या मशीनांसाठी व्हीएम/३७० जाहीर केलं ते १९७२ साली. आपल्या साध्या इंटेलवाल्या सर्व्हरांपर्यंत ही गोष्ट पोचायला पुढची तीसेक वर्षं गेली. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये सुरू झाली, सर्व्हरसाठीचं ईएसएक्स २००१ मध्ये आलं, आणि चालू मशीन न थांबवता एका होस्टवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणारं व्हीमोशन २००३ मध्ये. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही तिघं-चौघं अक्षरशः टाळ्या वाजवत होतो. पिंग चालू ठेवलेलं, आणि व्हीएम इकडून तिकडे गेलं तरी जेमतेम एखादं उत्तर चुकलं.

त्या आधीचे सर्व्हर रूम ज्यांनी पाहिलेत त्यांना हे कौतुक कळेल. मेलचा एक सर्व्हर, प्रिंटिंगचा एक, हजेरीचा एक, कुणा माजी अधिकाऱ्याने घेतलेला आणि आता कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नसलेला एक. सगळे चोवीस तास वीज खात, गरम हवा फेकत, आणि बहुतेक वेळ नुसत्या जांभया देत. एसी बंद पडला की पंखे लावून, दारं उघडी टाकून बसायचं. ते गबाळ एकत्र करून चार होस्टांवर आणणं हे चांगलंच काम होतं. मी ते भरपूर केलंय आणि आजही करीन. तेव्हा माझं भांडण व्हर्च्युअलायझेशनशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गडबड पुढे झाली. चाळीस मशीनांची चार झाली, वीजबिल उतरलं, सगळ्यांना आनंद झाला. आणि मग त्या आनंदाचंच माप तयार झालं. एका होस्टवर किती व्हीएम? दहा? वीस? आमच्याकडे तीस आहेत! विकणाऱ्यांच्या स्लाइडवर हा आकडा ठळक छापलेला असायचा, आणि तो जितका मोठा तितका आर्किटेक्ट हुशार. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वडाप नावाची जी जीप असते, तिचा ड्रायव्हर याच मापाने चालतो. "सरका जरा, अजून एक बसतंय की." बसतंही. घाटात ब्रेक लागेपर्यंत काही अडचण नसते.

आता हिशेब करू. चार होस्ट आहेत, प्रत्येकात ५१२ जीबी मेमरी. एकूण २०४८ जीबी. क्लस्टर बांधलं कशासाठी? तर एक होस्ट गेला तरी काम चालू राहावं म्हणून. एक गेला की उरतात १५३६. म्हणजे चारही ठणठणीत असताना १५३६ च्या वर एक जीबीही वापरायचा हक्क तुम्हाला नाही. चार होस्टांचं क्लस्टर ७५ टक्क्यांवर भरतं. तीन होस्टांचं ६६ वर. आणि दोन होस्टांचं क्लस्टर ५० टक्क्यांवर काठोकाठ भरलेलं असतं. त्यात पुन्हा हायपरव्हायजरचा स्वतःचा वाटा धरलेला नाही. एक होस्ट दुरुस्तीसाठी बाहेर काढलेला असताना दुसरा गेला तर काय, हाही प्रश्न अजून विचारलेला नाही. तर साहेब, तुमच्या दोन होस्टांच्या क्लस्टरचा आलेख ५० वर दिसतो, तेव्हा ते निम्मं रिकामं नसतं. ते भरलंय.

हे गणित चौथीतल्या मुलाला येईल. तरी ते मोठमोठ्या बोर्डरूममध्ये का पोचत नाही याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं, त्या जागेचं नावच चुकलंय. आपण तिला 'रिकामी' म्हणतो. एस.टी.च्या डेपोत एखादी जादा गाडी उभी असते तिला कुणी रिकामी म्हणत नाही, राखीव म्हणतात. अग्निशमन दलाचा बंब वर्षात किती तास धावला याचं युटिलायझेशन काढून "निम्मे बंब विकून टाका" असं म्हणणारा नगरसेवक अजून तरी मला भेटलेला नाही. पण सर्व्हरच्या अहवालात मात्र एकच रकाना असतो, वापर टक्के. राखीव नावाचा रकानाच नाही. जे कागदावर नाही ते नसतंच, हा आपल्याकडचा कारभाराचा जुना नियम.

"पण अगदी होस्ट मरेपर्यंत तरी भरायला काय हरकत आहे? रोज कुठे मरतोय?" हा पुढचा युक्तिवाद. यालाही उत्तर आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे एक गणिती होते. टेलिफोनचे कॉल कसे येतात आणि रांगा कशा लागतात यावर त्यांनी १९०९ मध्ये लेख लिहिला, आणि रांगांचं सगळं शास्त्र तिथून सुरू झालं. त्या शास्त्रातलं अगदी साधं, एका खिडकीचं सूत्र घ्या. गिऱ्हाइकं ठरवून नाही, येतील तशी येताहेत. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर प्रत्येकाचा एकूण वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट होतो. ८० टक्के गुंतलेली असेल तर पाचपट, ९० टक्के असेल तर दहापट. ८० वरून ९० वर नेताना तुम्हाला वाटतं की दहा टक्के काम जास्त काढलं. रांगेतल्या माणसाचा वेळ मात्र दुप्पट झालेला असतो. सर्व्हरला प्रोसेसर बरेच असतात म्हणून हा चढ जरा उशिरा लागतो, पण लागतोच. आणि लागतो तेव्हा एकदम उभा.

प्रोसेसरचं निदान असं आहे की थांबलं तर मिळतो. मेमरीचं तसं नाही. ती एक तर असते किंवा नसते. नसेल तर हायपरव्हायजर काय काय करतो हे वाचण्यासारखं आहे. व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्डस्पर्गर यांचा २००२ सालचा एक निबंध आहे, त्यात फुग्याची युक्ती सांगितलीय. प्रत्येक व्हीएममध्ये एक छोटा प्रोग्राम बसवायचा. वर मेमरी कमी पडली की तो आत फुग्यासारखा फुगतो, मेमरी मागतो. मग आतली ऑपरेटिंग सिस्टिम बिचारी आपल्याजवळचं बिनकामाचं काय ते शोधून त्याला देते, आणि फुगा ती मेमरी गुपचूप खाली होस्टला पोचवतो. घरातल्याच माणसाकडून घरातली अडगळ काढून घ्यायची, कारण बाहेरच्याला कुठलं सामान टाकाऊ हे कळत नाही. फार देखणी युक्ती आहे. पण ही तात्पुरत्या अडचणीसाठीची सोय. फुग्यानेही भागलं नाही की होस्ट मेमरीतली पानं थेट डिस्कवर फेकायला लागतो. डिस्क कितीही नव्या जातीची असो, मेमरीपुढे ती शेकडो ते हजारपट हळू. आणि डिस्क सगळ्यांची सामायिक! म्हणजे ज्या व्हीएमला मेमरी भरपूर मिळालीय, तोही या फेकाफेकीत अडकतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक घडलेली गोष्ट सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातली एक सहकारी बँक. नाव सांगणार नाही. तीन होस्ट, प्रत्येकी ३८४ जीबी. एकूण ११५२. वापर ७८ टक्के, म्हणजे साधारण ९०० जीबी. आयटी विभागात माणसं दोन. त्यातला एक जण रजेवर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सव्वादहाला एका होस्टचा मदरबोर्ड गेला. त्यावर कोअर बँकिंगचा डेटाबेस होता.

आता आकडे मांडून बघा. मेलेल्या होस्टवरची ३०० जीबीची व्हीएम उरलेल्या दोघांवर जाणार. त्या दोघांत मोकळं होतं प्रत्येकी ८४, म्हणजे १६८. कमी पडले १३२. यंत्रणेने आपलं काम चोख केलं, काही मिनिटांत एकेक व्हीएम उठवायला घेतलं. पण कुठलं आधी उठवायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तसं न सांगितलं तर सगळ्यांचा अग्रक्रम सारखाच धरला जातो. त्यामुळे प्रशिक्षणाचा सर्व्हर उठला, दोन वर्षांपूर्वी संपलेल्या कुठल्या तरी टेस्टिंगचे दोन सर्व्हर उठले, हजेरीचा उठला, आणि मग डेटाबेस उठला. डेटाबेस उठल्या उठल्या आपली सगळी मेमरी मागतो. फुगे फुगले, मग डिस्कवर फेकाफेक सुरू झाली. स्क्रीनवर सगळं हिरवं. एकही व्हीएम बंद नाही. आणि शाखेत एका पासबुकाची नोंद व्हायला अकरा मिनिटं.

पहिला आठवडा म्हणजे पेन्शनचा. शाखाशाखांतून म्हाताऱ्या माणसांच्या रांगा बाहेर पायऱ्यांपर्यंत आल्या. कुणी औषधाला पैसे काढायला आलेलं, कुणी आदल्या दिवशीच फोन करून "उद्या देतो" असं सांगून आलेलं. दुपारी तीनला काउंटर बंद केले. मला बोलावलं ते चौथ्या दिवशी, कारण शोधायला. कारण शोधायला अर्धा तास लागला, बाकीचे दोन दिवस ते सौम्य शब्दांत कसं लिहायचं यात गेले. अहवालात शेवटी 'हार्डवेअरमधील अनपेक्षित बिघाड' असं छापलं गेलं. ते शब्द माझे नव्हेत. मदरबोर्ड जाणं यात अनपेक्षित काय आहे? मदरबोर्ड जातातच. ते जातात म्हणूनच तर तीन होस्ट घेतले होते ना?

त्या रजेवर नसलेल्या मुलाला मेमो मिळाला. त्याने मला आपला एक जुना मेल दाखवला. दहा महिन्यांपूर्वीचा. 'चौथा होस्ट घ्यावा, एक गेला तर जागा अपुरी आहे', खाली आकडे, अगदी वर मी मांडले तसेच. त्यावर वरून आलेलं उत्तर एका ओळीचं होतं. सध्याचे तीन होस्टच पूर्ण क्षमतेने वापरले जात नसल्याने प्रस्तावाचा विचार करता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की सॉफ्टवेअरनेच अडवायला हवं ना. अडवतं की! ॲडमिशन कंट्रोल नावाची सोय असते. एक होस्ट गेला तर पुरणार नाही असं दिसलं की ती नवं व्हीएम सुरूच होऊ देत नाही. त्याचं आमच्याकडे काय होतं ते ऐका. शुक्रवारी संध्याकाळी कुणाला तरी तातडीने एक व्हीएम हवं असतं. यंत्रणा म्हणते, राखीव जागा अपुरी आहे. पोरगं ती चूक-सूचना इंटरनेटवर शोधतं. पहिलंच उत्तर असतं, ॲडमिशन कंट्रोल बंद करा. करतो. व्हीएम सुरू होतं, सगळे खूश. त्यानंतर ती खूण पुन्हा कुणी लावत नाही. घरातला एमसीबी सारखा पडतो म्हणून तिथे तार जोडून टाकण्यातला हा प्रकार.

आणि ती चालू ठेवली तरी तिच्या भरवशावर बसू नका. व्हीस्फिअरमध्ये ती गणित करते ते तुम्ही व्हीएमला लेखी बांधून दिलेल्या मेमरीचं, प्रत्यक्ष वापराचं नाही. बहुतेक ठिकाणी कुणी काहीच बांधून दिलेलं नसतं, त्यामुळे तिच्या लेखी क्लस्टर कायम ओसाड. पुढे ६.५ आवृत्तीत एक आकडा आला: होस्ट गेल्यावर व्हीएमांची किती टक्के ओढाताण तुम्हाला चालेल? बरोबर प्रश्न. पण तो आकडा मुळात भरून येतो तो १०० टक्के. म्हणजे कितीही ओढाताण झाली तरी मला सांगू नका! मी जिथे जातो तिथे आधी हा आकडा बघतो. बदललेला आजवर फार थोड्या ठिकाणी सापडला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस सर्व्हर विकायला आलाय. क्लस्टरमध्ये खरोखरची नासाडी असते आणि भरपूर असते. पण साहेबांच्या आलेखात ती रिकामी दिसत नाही, भरलेली दिसते. ॲप्लिकेशन देणारी कंपनी एक कागद देते: १६ कोअर, ६४ जीबी. का? तर कागदावर आहे. लोखंडी सर्व्हरच्या काळात लिहिलेला तो कागद, तेव्हा पुढची पाच वर्षं मशीन बदलता येणार नव्हतं म्हणून दुप्पट मागून ठेवायची पद्धत होती. आज दोन कोअर पुरणाऱ्या हजेरीच्या सॉफ्टवेअरला तोच कागद लागू होतो. यात नुसता अपव्यय नाही, उपद्रवही आहे. जितके कोअर जास्त दिले तितक्या जागा होस्टला जुळवाव्या लागतात, आणि व्हीएम तयार असूनही प्रोसेसर मिळण्याची वाट बघत बसतो. याला रेडी टाइम म्हणतात. व्हीसेंटरच्या चालू आलेखात तो २० सेकंदांच्या तुकड्याला मिलिसेकंदांत दिसतो. एका कोअरमागे १००० दिसले की समजा ५ टक्के वेळ नुसतं ताटकळण्यात गेला. (पूर्ण व्हीएमचा आकडा बघत असाल तर तो कोअरच्या संख्येने भागा. हे न केल्यामुळे मी लोकांना विनाकारण घाबरलेलंही पाहिलंय.) मग वापरणारे म्हणतात, हळू चालतंय. कंपनी म्हणते, कोअर वाढवा. वाढवले की आणखी हळू. पुन्हा वाढवा.

त्याशिवाय मेलेली व्हीएम. 'टेस्ट_जुना_२_डिलीट_करू_नका' या नावाचा एक तरी सर्व्हर नसलेलं क्लस्टर मला दाखवा, मी तुम्हाला मिसळ खाऊ घालतो. कुणी लिहिलं, का करू नका, कुणालाच माहीत नाही. म्हणून कुणी करत नाही. आणि स्नॅपशॉट! बदल करण्याआधी घ्यायचा आणि काम झालं की पुसायचा, इतकंच त्याचं आयुष्य. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअरच सांगतं. मी दोन वर्षांपूर्वीचे पाहिलेत, आणि "तो आमचा बॅकअप आहे" असं शांतपणे सांगणारी माणसंही. अहो, मूळ डिस्क गेली की त्यावर टेकलेला स्नॅपशॉट कुठे राहणार? असो. मुद्दा असा की जागा काढायचीच असेल तर इथे काढा. ही साफसफाई कष्टाची आहे, प्रत्येक खात्याशी भांडावं लागतं. राखीव जागा मात्र कुणाच्याच खात्याची नाही, तिच्यासाठी कुणी भांडायला येत नाही. म्हणून हात आधी तिच्यावर पडतो.

हे सगळं जुनंच रडगाणं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला नवी धार आलीय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता वर्गणी, आणि तीही प्रोसेसरच्या कोअरवर मोजून, एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. अनेकांची बिलं कित्येक पटींनी वाढली. त्यामुळे सगळीकडे एकच धावपळ, कोअर कमी करा, होस्ट कमी करा. सल्लागार येतात आणि म्हणतात, आठ होस्टांचं काम चार मोठ्या होस्टांवर बसवून देतो.

बसतं. पण इथे तो चौथीतला हिशेब पुन्हा करा. आठ होस्टांत एकाची राखीव जागा म्हणजे आठवा हिस्सा. तेवढीच एकूण ताकद चार मोठ्या होस्टांत घातली तर एकाची राखीव जागा म्हणजे चौथा हिस्सा. म्हणजे होस्ट कमी केले की जागा जास्त राखावी लागते. आणि पूर्वी एक मेला की वीस व्हीएम पडायची, तिथे आता चाळीस पडणार, चाळीस एकदम उठणार, एकाच स्टोरेजवर एकाच मिनिटाला तुटून पडणार. मी गेल्या वर्षात असे तीन प्रस्ताव वाचले. तिन्हींत राखीव जागा आधीपेक्षा कमी धरलेली होती. लायसन्सच्या बचतीचा आकडा पहिल्याच पानावर होता, ठळक अक्षरांत.

"मग आम्ही व्हीएमवेअर सोडतोय" असं काही जण अभिमानाने सांगतात. सोडा की. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे, त्यावर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स चांगलं चालतं, हायपर-व्ही २००८ पासून आहे. मी स्वतः दोन ठिकाणं हलवून दिलीत. पण होस्ट मेल्यावर त्यातली मेमरी त्याच्याबरोबर जाते, हे कुठल्याच कंपनीने बदललेलं नाही.

राखीव जागेचा आणखी एक उपयोग आहे, जो कुणी मोजत नाही. होस्टला पॅच मारायचा तर आधी तो रिकामा करावा लागतो. त्यावरची व्हीएम तात्पुरती शेजारी हलवायची, पॅच मारायचा, रीस्टार्ट करायचा, परत आणायची, मग पुढचा होस्ट. शेजारी जागाच नसेल तर? मग पॅच पुढच्या महिन्यावर, मग दिवाळीनंतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभरातल्या ईएसएक्सआय होस्टांवर पसरलं. थेट होस्टवर शिरून व्हीएमच्या फाइली कुलूपबंद करायचं. ते ज्या भोकातून शिरत असल्याचं सांगितलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला होता. दोन वर्षं! सगळ्यांकडे कारण एकच असेल असं मी म्हणत नाही. आळस असतो, अज्ञान असतो, होस्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकण्याचा शुद्ध निष्काळजीपणा असतो. पण "पॅच का मारला नाही" या प्रश्नाला मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर आहे, "होस्ट खाली करायला जागा नाही."

क्लाउडवाल्यांची हरकत राहिली. ती दोन ओळींत संपते. क्लाउडवर गेलात की राखीव जागा तुमच्याऐवजी ते ठेवतात आणि तिचं भाडं तुमच्या बिलात धरतात. तिथे ते पैसे निमूट देणारा माणूस स्वतःच्या मशीनरूममध्ये त्याच जागेला उधळपट्टी म्हणतो, हे मला अजून समजलेलं नाही.

मी हल्ली जिथे सल्ला द्यायला जातो तिथे एकच गोष्ट मागतो. आलेख नको, अहवाल नको. कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता, सगळ्यांना आधी सांगून, एका होस्टची वीज काढू. मग सगळे मिळून बघू काय होतं ते. पुरेशी जागा असेल तर पाच-दहा मिनिटांची गैरसोय होईल आणि सगळ्यांना शांत झोप लागेल. नसेल तर ते आज, आपण सगळे हजर असताना कळेल. बहुतेक ठिकाणी या मागणीनंतर खोलीत शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "हे जरा रविवारी रात्री केलं तर?" रविवारी रात्री डेटाबेसवर काम काय असतं? पण तेही चालेल म्हणतो मी, काहीच न करण्यापेक्षा बरं.

वर सांगितलेल्या बँकेत चौथा होस्ट आला. त्या मुलाने आता प्रत्येक व्हीएमचा अग्रक्रम लावलाय, जुने टेस्टचे सर्व्हर लेखी परवानगी घेऊन पुसलेत, आणि महिन्याच्या अहवालात 'एक गेल्यास उरणारी जागा' असा नवा रकाना घातलाय. वीज काढून बघण्याचं मात्र अजून व्हायचंय. मार्च एंड होऊ द्या, म्हणाले होते. मार्च झाला. आता ऑडिट होऊ द्या म्हणतात.